गाडीत पैसे घालायचे की गाडी घालवायची?

‘आता या गाडीत पैसे घालण्यात अर्थ नाही.’

जुन्या गाडीच्या मालकाला हे कोण कोण ऐकवतं? मेव्हणा. सोसायटीचे सेक्रेटरी. नुकतीच नवी गाडी घेतलेला ऑफिसातला मित्र. आणि अर्थातच शोरूममधला मुलगा. यांतल्या एकानेही त्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं.

ज्याने उघडलंय तो मेकॅनिक मात्र आधी विचारतो, ‘वर्षाला किती फिरते?’

सगळ्या सल्लागारांत नेमका प्रश्न त्याचाच.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. क्लच घसरतोय, पुढचे शॉकअप गेलेत, लोअर आर्मचे बुश संपलेत, एसीचा कंप्रेसर ओरडतोय. गॅरेजचं एस्टिमेट साठ हजार. मालक रात्री मोबाइलवर जुन्या गाड्यांचे भाव चाळतो. अशी गाडी सव्वा लाखाला जाते. झालं, घरात निकाल लागतो. सव्वा लाखाच्या गाडीवर साठ हजार? डोकं फिरलंय का?

डोकं ठिकाणावर आहे. हिशेब चुकलाय.

गाडी विकायची नाहीये, मग ती कितीला जाईल याच्याशी देणंघेणं काय? उद्या बाजारात तिचा भाव ऐंशी हजार झाला म्हणून ती तुम्हाला ऑफिसला सोडायचं थांबवणार आहे का? साठ हजार देऊन तुम्ही तिची पुढची दोन-तीन वर्षं विकत घेताय. मग त्या साठ हजारांसमोर ठेवायला हवा तो नव्या गाडीच्या दोन-तीन वर्षांचा खर्च.

तो कोणी ठेवत नाही. कारण तो पाहवत नाही.

तरी पाहू. एक्स-शोरूम आठ लाखांची पेट्रोल गाडी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर 11 टक्के. म्हणजे 88 हजार. गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर यायच्या आधी हे पैसे गेले, आणि विकताना त्यातला रुपया कोणी वेगळा मोजून देत नाही. शिवाय विम्याचा तक्ता बघा. गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, वर्ष उलटलं की 20 टक्क्यांनी उतरते, दोन वर्षं उलटली की 30, तीन उलटली की 40, चार उलटली की 50. मॉडेल चांगलं असेल तर बाजार थोडा जास्त देईल, पण दिशा तीच. पहिला वाढदिवस उलटताना कर आणि घसारा मिळून कागदावर सुमारे अडीच लाख गेलेले असतात.

आणि आपण साठ हजारांवर रात्रभर जागतो.

आता हप्ता. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याला 12,455 रुपये. म्हणजे गॅरेजचं ते भयंकर एस्टिमेट जेमतेम पाच हप्त्यांचं. पाच महिन्यांचे पैसे द्या आणि गाडी दोन वर्षं चालवा, की साठ महिने देत राहा?

‘हप्ता जड वाटतोय? सात वर्षांचं करून देतो, सर.’ देतो ना, लगेच देतो. हप्ता साडेनऊ हजारांच्या थोडा वर येतो आणि चेहरे खुलतात. एकूण व्याज मात्र 1 लाख 47 हजारांवरून 2 लाख 11 हजारांवर जातं. वरचे 64 हजार कशाचे? हप्ता हलका वाटावा याचे.

क्लच, शॉकअप, बुश आणि कंप्रेसर एवढ्यात झाले असते.

मग अ‍ॅव्हरेजचा मुद्दा येतो. जुनी तेराचं देते, नवी अठराचं देईल. मान्य. पण वर्षाला फिरता किती? शहरातल्या शहरात सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं यात वर्षाला सव्वाशे-दीडशे लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला 104 रुपये धरा. तेरा हजारांच्या आसपास. वर्षभराची बचत एका हप्त्यात संपली. उरलेले अकरा हप्ते कोण भरणार? दर आठवड्याला पुणे-नाशिक-पुणे करणाऱ्याचं गणित वेगळं आहे. पंचवीस हजार किलोमीटरला हीच बचत पंचावन्न हजारांवर जाते, तिथे बोलायला जागा आहे. म्हणून तर मेकॅनिकने आधी ते विचारलं.

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, वरचा सेसही गेला. गाड्या खरोखर स्वस्त झाल्या. ज्याला घ्यायचीच होती त्याचं भलं झालं. पण ज्याची जुनी बरी चालत होती त्याला अचानक घ्यावीशी का वाटली? नवी स्वस्त झाली की तुमच्या जुन्या गाडीचा भावही खाली येतो, हे एक्स्चेंजच्या टेबलावर बसल्यावर कळतं.

एक्स्चेंज बोनस हेही तसंच प्रकरण. जुन्या गाडीला बाहेर सव्वा लाख, शोरूममध्ये नव्वद हजार आणि वर ‘पस्तीस हजार बोनस’. बेरीज करून बघा.

सरकारबद्दलचे गैरसमज तर गाडीपेक्षा जास्त धूर सोडतात. ‘पंधरा वर्षं झाली की भंगारात द्यावीच लागते ना?’ नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. नियम तसाच आहे. सक्तीने मोडीत निघतात त्या सरकारी गाड्या. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांचं नूतनीकरण बंद झालंय. तुमची गाडी सरकारी नाही.

गोंधळ दिल्लीमुळे झाला. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये ती उचलून धरली. 1 जुलै 2025 पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. लोक खवळले, दोन-तीन दिवसांत हात आखडता घ्यावा लागला. हे सगळं दिल्ली आणि आसपासचं. महाराष्ट्रातल्या माणसाने दिल्लीची बातमी वाचून सांगलीतली गाडी का विकावी?

पण विकतात. घाबरून विकतात आणि घाबरलेल्या माणसाला जो भाव मिळतो तोच घेतात.

सरकारने सक्ती केली नाही, चिमटा मात्र काढला. पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी 600 रुपये होती, ती 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. वीस वर्षांपुढच्या गाडीला 2025 मध्ये 10,000 केली. वर राज्याचा पर्यावरण कर. राग येतो, यायलाच हवा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणारी निवृत्त शिक्षकाची गाडी आणि दिवसरात्र धावणारी गाडी एकाच वयाची म्हणून एकाच मापाने का मोजायची? धूर मोजायचं यंत्र आहे की देशात! वय बघण्यापेक्षा धूर बघा. तरीही पाच वर्षांचे पाच हजार म्हणजे वर्षाचा एक हजार. एवढ्यासाठी आठ लाखांची खरेदी करणं म्हणजे घराला रंग महाग पडतो म्हणून घर बदलणं.

इथेनॉलचंही असंच झालंय. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे, आणि ऊस आपल्याच शिवारातला असल्याने महाराष्ट्रात त्यावर बोलताना लोक जरा जपून बोलतात. स्पष्ट बोलायला हवं. 2023 च्या एप्रिलआधीच्या बऱ्याच गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. अ‍ॅव्हरेजही थोडं घटतं. मग ग्राहकाला पंपावर जुन्या प्रकारच्या पेट्रोलचा स्वस्त पर्याय का ठेवला नाही? हा प्रश्न विचारत राहायचा. तोवर पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाचे होजपाइप तपासून घ्यायचे. गाडी बदलायचं कारण हे नव्हे.

तर बदलायची कधी?

पहिलं उत्तर पायाशी आहे. चालकाच्या सीटपुढची रबरी मॅट काढा. तिच्याखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचला. ते ओलं लागतंय का? खालचा पत्रा बोटाने चाचपा. रंगाचे फुगे आलेत का? आता स्क्रूड्रायव्हरचं टोक घेऊन तिथे दाबा. खणखणीत आवाज आला तर ठीक. टोक आत गेलं आणि खालचा रस्ता दिसला, तर बाकीचं एस्टिमेट वाचायचीसुद्धा गरज नाही.

हीच परीक्षा दरवाजाखालच्या लांब पट्टीची आणि शॉकअप जिथे बॉडीला बसतात त्या जागेची. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी, समुद्राकाठच्या कुठल्याही गावात हे आधी पाहायचं, इंजिन नंतर. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून पत्रा आतून खातात. वरून गाडी धुऊनपुसून चकचकीत. मडगार्डला गंज लागला तर तो दिसतो आणि डेन्टिंग-पेन्टिंगवाला तो काढतोही. मडगार्डवर कोणाचा जीव अवलंबून नसतो. फ्लोअर आणि चासीवर असतो. टक्कर झाली की मार घ्यायचा तो त्यांनी, आणि सडलेला पत्रा मार घेत नाही, मार आत पोचवतो.

यावर पुट्टी भरून रंग मारून देणारेही आहेत. एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. दोन मिनिटांत गाडीचा सगळा इतिहास कळतो.

दुसरं कारण सुरक्षेचं, आणि ते पैशांत मोजूच नये. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, शेजारच्या सीटची 2021 च्या अखेरीपासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या खालच्या मॉडेलांत यातलं काहीच नाही. आणि एअरबॅग ही काही म्युझिक सिस्टीम नाही, गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही. गाडी गल्लीतून भाजीला आणि देवळाला जात असेल तर एक गोष्ट. दर शनिवारी मुलाबाळांसह द्रुतगती मार्गावर शंभराने जाणार असाल तर बिनएअरबॅगची गाडी बदला. उधार घेऊन बदलावी लागली तरी बदला. इथे मी हप्त्याचा हिशेब मांडणार नाही.

विचित्र हे की गाडी बदलणाऱ्यांत हे कारण सांगणारे कमी. सनरूफ हवं म्हणून बदलली, हे सांगणारे कितीतरी.

तिसरं कारण पार्टचं. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली. तळेगावला त्यांचा कारखाना होता, बीट तिथेच बनायची. फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. या गाड्या वाईट नव्हत्या, आजही रस्त्यावर दिसतात. पण कंपनी गेली की रोजचे फिल्टर आणि ब्रेकपॅड मिळत राहतात, अडतं ते एखाद्या सेन्सरपाशी, एखाद्या कंट्रोल युनिटपाशी. पार्ट यायला महिना लागतो आणि गाडी गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी. मग कुर्ल्याच्या बाजारात फेऱ्या. मिळाला तर मिळाला, त्याची गॅरंटी कोण देणार?

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरताच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. वीस वर्षं! मुंबईच्या खड्ड्यांत आणि मुंबईच्या पावसात! ती इतकी टिकली कारण तिचा प्रत्येक नट गल्लीतल्या मेकॅनिकच्या ओळखीचा होता आणि पाना-पकडीने खोलता येत होता. आजच्या गाडीला आधी लॅपटॉप लावावा लागतो.

म्हणून आजची गाडी पंचवीस वर्षं चालवायची जिद्द धरू नका. पण दहाव्या वर्षी घाबरूही नका.

चौथं कारण भरवशाचं. गाडी महिन्याला हजार रुपये मागते, ठीक आहे. पण ती कधी बंद पडेल हे सांगता येत नसेल, डायलिसिसला जाणाऱ्या आईला दर खेपेला रिक्षा शोधावी लागत असेल, तर तो खर्च एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसतो. तिथे गाडीचं काम संपलं.

इंजिन कसं आहे, हे तुम्हीसुद्धा पाहू शकता. ऑइल भरायचं झाकण काढून त्याची आतली बाजू बघा. दुधाळ, पांढुरका थर वारंवार जमत असेल आणि कुलंट सारखं कमी होत असेल, तर पाणी ऑइलमध्ये जातंय. हेड गॅस्केटचं काम निघालं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल नीट जळत नाही, ते बहुतेकदा कमी खर्चात सुटतं. हे तिन्ही एकाच मापाने ‘इंजिन गेलं’ म्हणून खपवले जातात. कोण खपवतं? ज्याला इंजिन उतरवायचंय तो.

एस्टिमेट वाचायलाही शिका. त्यात तीन प्रकारची कामं एकत्र कालवलेली असतात. आज न केल्यास जीवाला धोका अशी. सहा महिने थांबतील अशी. आणि कधीच न केली तरी चालतील अशी. ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, टायर, टायमिंग बेल्ट ही पहिल्या घरातली. बेल्ट तर विशेष. रबरी बेल्ट असलेल्या बऱ्याच इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. काही हजार वाचवायला जाऊन इंजिन खोलावं लागतं. आणि तिसऱ्या घरात काय? इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग. मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या कागदावर हीच नावं वरच्या ओळीत असतात. ती खोडायला सांगा. एस्टिमेट पाच मिनिटांत हलकं होतं.

आणि बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. नुसतं सांगितलं तरी बिल सुधारतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ‘आत्ताच तर चार नवे टायर टाकलेत, लगेच कशी विकू?’ टायरचे पैसे गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. फ्लोअर सडलेल्या गाडीला नवे टायर म्हणून आणखी दोन वर्षं चालवायची? मागच्या वर्षी गिअरबॉक्स केला, त्याच्या मागच्या वर्षी रेडिएटर, म्हणून या वर्षी इंजिनही करायचं? झालेला खर्च पुढच्या खर्चाचं कारण होत नाही. दर खेपेला हिशेब आजपासून मांडायचा, समोर उभ्या असलेल्या गाडीचा.

‘वडिलांची आठवण आहे’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तो हिशेबाचा विषयच नाही. फक्त त्या गाडीचे ब्रेक आठवणीवर चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं.

विम्याकडेही कोणी बघत नाही. गाडी दहा वर्षांपुढे गेली की अपघाताच्या दाव्यात लोखंडी पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो. रबर-प्लास्टिकवर तर पहिल्या दिवसापासून 50 टक्के. वरून आयडीव्ही इतकी उतरलेली की दुरुस्ती तिच्या 75 टक्क्यांवर गेली तर विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मध्यम धडकेतही हे होतं. म्हणजे जुन्या गाडीचा पूर्ण विमा घेताना हप्ता किती आणि हाती येऊ शकणारी रक्कम किती, हे शेजारी-शेजारी लिहून बघायला हवं. थर्ड पार्टी मात्र कायद्याने हवाच, त्यात सूट नाही.

आणि नो क्लेम बोनस! पाच वर्षं दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या विम्यात 50 टक्के सवलत. ही सवलत गाडीची नाही, मालकाची. जुनी विकताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं की ती नव्या गाडीच्या विम्याला लागते. एजंट आपणहून सांगतोच असं नाही. कित्येकांची सवलत जुन्या गाडीबरोबर वाया जाते.

नवी आणि जुनी यांच्यामध्ये तिसरा रस्ता आहे, तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी. वाहनकर आधीच्या मालकाने भरलाय, सगळ्यात मोठी घटही त्यानेच सोसलीय. हा रस्ता मला स्वतःला सगळ्यात शहाणा वाटतो. पण डोळे उघडे ठेवून. 26 जुलै 2005 ची मुंबई असो की ऑगस्ट 2019 मधलं सांगली-कोल्हापूर, पुरात बुडलेल्या गाड्या जातात कुठे? बऱ्याच धुऊन-वाळवून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर खेचा. गुंडाळीतला जो वीतभर भाग एरवी कधी बाहेर येत नाही, त्यावर गाळाची रेघ दिसली की चहासुद्धा न घेता उठा.

मोडीत काढायचं ठरलंच, तर गल्लीतल्या भंगारवाल्याला नुसती गाडी सोपवू नका. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या मोडीच्या धोरणात नोंदणीकृत केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ, आणि खासगी गाडीच्या वाहनकरात राज्य देईल तेवढी, जास्तीत जास्त 25 टक्क्यांची सवलत. स्वतः नवी घेणार नसाल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. केंद्रं अजून हाताच्या अंतरावर नाहीत, हे खरं. जिल्ह्याजिल्ह्यात सोयीचं केंद्र न देता नुसती फी वाढवायची, याला धोरण म्हणायचं तरी कसं?

आणि विकायची ठरली, तर सौदा झाला त्याच दिवशी फॉर्म 29 आणि 30 भरा. ‘नंतर नावावर करून घेतो’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, मग तो सख्ख्या आतेभावाचा मित्र का असेना. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी तीन हातांतून फिरली असेल, तुम्ही तिला वर्षभर पाहिलीही नसेल. नोटीस तुमच्याच दारात येणार. आरसीवर नव्या मालकाचं नाव चढल्याचं स्वतः ऑनलाइन तपासा आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. नाव चढेपर्यंत दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवा.